तीन सूत

व्हर्नियर ९.९४ दाखवत होता. मी जबडे उघडले, फडक्याने पुसले आणि नळीच्या टोकाचा व्यास पुन्हा मोजला. ९.९४. तिसऱ्यांदा ९.९५.

नळीला बांधलेल्या चिठ्ठीवर ‘इंच’ असे लिहिलेले होते. इंची आट्यांचे टोक साडेनऊ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे चिठ्ठी काहीही म्हणो, नळी मिलिमीटरी होती. मी जोडीतली दुसरी नळी उचलली. तीही तशीच निघाली.

ही जानेवारी १९९३ मधली गोष्ट. रविवार होता, सकाळचे पावणेनऊ वाजले होते. मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे. माझा थोरला भाऊ भरतेश याची एक हेराल्ड गाडी होती, निळी, माझ्या पुतणीपेक्षाही लाडकी. तिच्या पुढच्या चाकांना मूळचे ड्रम ब्रेक होते. दादाला तिथे डिस्क ब्रेक हवे होते. मुंबईच्या एका भंगारवाल्याकडून त्याने वापरलेल्या भागांचे खोके आणले. त्यात चार कॅलिपर होते, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे ते लोखंडी ठोकळे, आणि त्यांच्यात तेल नेणाऱ्या चार रबरी नळ्या होत्या. दोन कॅलिपर जुन्या इंची आट्यांचे, दोन नंतरच्या मिलिमीटरी आट्यांचे. नुसते पाहून फरक कळत नाही. ओळख पटवण्याचे काम दादाने माझ्यावर सोपवले. मी जोड्या लावल्या आणि प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधली. मिलिमीटरी कॅलिपरचे पिस्टन स्वच्छ होते, म्हणून गाडीला ती जोडी बसवायचे ठरले. उरलेली इंची जोडी बेळगावच्या एका गृहस्थांना पाठवायची होती. त्यांच्यासाठी मापांची यादी करायला मी त्या सकाळी व्हर्नियर काढला होता.

खोक्यात उरलेल्या नळ्या मिलिमीटरी असतील, तर गाडीला गेलेल्या नळ्या इंची होत्या. साडेनऊचे टोक, दहाच्या भोकात.

असे टोक आत जाते, हीच त्यातली अडचण आहे. आट्यांची फक्त शेंडी शेंडीत अडकते. पान्याने आवळले की घट्ट झाल्यासारखे वाटते. शहरात, हलक्या पायाने, ते आठवडाभरही टिकेल. लांब उतारावर, तापलेल्या ब्रेकवर पुन्हा पुन्हा जोर पडला की आटे सोलतात, नळी निसटते आणि तेल बाहेर येते. त्या गाडीत चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट होती, म्हणजे एक नळी सुटली की सगळेच ब्रेक गेले.

दादा, वहिनी आणि त्यांची सात वर्षांची पद्मजा साडेसहाला सावंतवाडीला निघाले होते. वाटेत आंबोलीचा घाट होता.

हे ब्रेक बसवणाऱ्या इलाही शिकलगारांच्या गॅरेजात मी सायकलवरून पोहोचलो. शुक्रवारी बंद, रविवारी चालू, असा त्यांचा शिरस्ता होता. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. एका जीपखाली आडवे झाले होते.

“मिस्त्री, बाहेर या. दादाच्या गाडीला पुढे कुठली नळी बसवलीत?”

ते सरपटत बाहेर आले. “कुठली म्हंजे?”

“इंची की मिलिमीटरी?”

“तीन सुताची.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे माप मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच, म्हणजे नऊ पूर्णांक बावन्न. माझ्या कानाला तो आकडा होता, आणि तो माझ्या भीतीशी दशांशापर्यंत जुळत होता.

“संपलं,” मी म्हणालो. “तुम्ही चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीत. ‘इंच’ लिहिलेल्या नळ्या मिलिमीटरी आहेत. मी आत्ता मोजून आलोय.”

“मी कशाला बदलू, सर?”

“मग कुणी बदलल्या? खोकं आठ दिवस तुमच्याकडे होतं! दादा घाटात उतरतोय, मिस्त्री. पोर आहे गाडीत. ती नळी उतारावर निसटणार आहे!”

इलाही मिस्त्रींचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलत गेला. ते फडक्याला हात पुसत राहिले. “वाचायचं मला जमत न्हाई,” ते म्हणाले. “सोडून परत बांधताना... झालं असंल.”

समोरच्या बूथवरून मी आजऱ्याला फोन लावला. तिथे वहिनींचे मामा राहत. दादा नाश्त्याला थांबणार होता.

“आरं, आत्ता गेली की!” मामा म्हणाले. “धा मिनिटं झाली. पोहे खाल्ले, दोनदा घेतले भरतेशनं. तू का आला न्हाईस?”

“मामा, कुणाला तरी मोटरसायकलवर पाठवा. गाडी अडवायला हवी. ब्रेकचा घोटाळा आहे.”

“मोटरसायकल पोरगं घेऊन गेलंय रानात. आनि ब्रेकचं काय काढलंस? आत्ता मला सांगत हुता, लोण्यावानी लागत्यात म्हणून.”

आंबोलीला सरळ फोन लागत नसे. एक्स्चेंजमधल्या बाईंना मी पोलीस चौकीचा ट्रंक कॉल मागितला. त्यांनी सहा मिनिटे प्रयत्न केला. “लाइन मेलीय, साहेब. सावंतवाडीवरून फिरवून बघू?” तीही मिळाली नाही. निरोप ठेवून घ्या म्हणालो तर त्यांनी विचारले, “काय लिहू?” मी सांगितले, निळी हेराल्ड अडवा. “हेराल्ड म्हणजे?” “गाडी. बुटकी. चाकांवर पंख असल्यासारखी.” बाईंनी ते लिहून घेतले असावे.

बाहेर आलो तर इलाही मिस्त्री दुरुस्तीला आलेली ती जीप सुरू करून उभे होते. शेजारच्या सीटवर पान्यांची पिशवी आणि ब्रेक ऑइलचा डबा होता.

“गिऱ्हाइकाची हाय,” ते म्हणाले. “बसा.”

साडेनऊ झाले होते. दादा दहा वाजता आंबोलीत पोहोचणार होता. आम्ही कितीही मारली तरी साडेअकराच्या आत पोहोचू शकत नव्हतो. दीड तासाचा फरक वेगाने भरून निघण्यासारखा नव्हता. तरीही मी कागल येईपर्यंत तीनदा ती आकडेमोड केली, जणू उत्तर बदलणार होते.

निपाणी मागे पडल्यावर, पुढे पाहतच, मिस्त्रींनी तोंड उघडले.

“सर, एक सांगू का? तुमच्या नळ्या मी लावल्याच न्हाईत.”

“काय?”

“वापरलेलं रबर मी ब्रेकला लावत न्हाई. वस्तादाची शिस्त हाय. आलेली जुनी नळी सुरीनं मधोमध कापायची, परत कुणाच्या हाताला लागाय नको. तुमच्या दोनी कापल्या. उद्यमनगरात पोतदाराकडनं नव्या करून घेतल्या.”

“हे मघाशी का नाही सांगितलंत?”

“तुमी ऐकत कुठं व्हता!”

म्हणजे त्या नळ्या गाडीत नव्हत्याच. मग मी विचारले, “पोतदाराला माप काय दिलंत?”

“तीन सूत.”

“मिस्त्री, तीन सूत म्हणजे इंचीच!”

“आमी दोनीला तीन सूतच म्हणतो, सर. ती बी तीन सूत, धा मिलीची बी तीन सूत.”

“मग पोतदाराने कुठली दिली?”

उत्तराऐवजी त्यांनी जीपचा वेग वाढवला.

“बसवताना हाताला काय लागलं?”

“मऊ गेली. पैले चार आटे बोटानंच गेले.”

“मऊ म्हणजे ढिली?”

“मऊ म्हंजे मऊ. ढिली न्हवं.”

“फरक काय दोन्हींत? नीट आठवा. इंची असती तर सहज आत गेली असती, पान्याशिवाय. तुमची पान्याशिवाय गेली. बरोबर?”

“चार आटे...”

“चार की सहा?”

“आता मोजलं न्हाई, सर.”

गडहिंग्लजच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग आडवी आली. मिस्त्री हॉर्नवर हात ठेवून बसले; कुणी हलले नाही. शेवटी ते खाली उतरले, पुढच्या ट्रॅक्टरवाल्याच्या अंगावर ओरडले, “आरं, दोन वितीची पोरगी हाय रं त्या गाडीत!” आणि त्या माणसाने, कुठली गाडी हे न विचारता, ट्रॅक्टर चरात घातला.

जीप पुन्हा वेगात आल्यावर मी पुन्हा सुरुवात केली. आवळताना पाना एकदम अडला की हळूहळू? डावीकडची आणि उजवीकडची सारखीच वाटली का? नळी हलवून पाहिली होती का? मी ओरडत नव्हतो. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याचे निरीक्षण तपासावे तसे, एकेक प्रश्न, स्वच्छ शब्दांत. आजऱ्याला मी तेच तिसऱ्यांदा विचारले तेव्हा त्यांनी जीपचा वेग कमी न करता सांगितले:

“लागली असंल ढिली. आता तुमी म्हणताय तर तसंच वाटाय लागलंय.”

“म्हणजे ढिलीच होती?”

“व्हय. ढिलीच हुती.”

मी मान हलवली. निदान आता वस्तुस्थिती कळली होती, असे मला वाटले.

पुढचा अर्धा तास दोन्ही बाजूंना झाडी दाट होत गेली. एकदाच त्यांनी विचारले, “पोरगी म्होरं बसतीया का मागं?”

“मागे.”

“काम करताना डोक्यावर येऊन उभी ऱ्हायची. म्हणायची, चाचा, तुमच्या हाताला पेट्रोलचा वास येतो, मला आवडतो.” मग बऱ्याच वेळाने, स्वतःशीच: “मीच घालवली का काय तिघास्नी.”

मी त्यांना नाही म्हटले नाही. माझ्याजवळ तसे म्हणायला आधार नव्हता.

आंबोलीच्या वननाक्यावर एक रखवालदार बाकावर बसून विडी ओढत होता. कसलाही निरोप त्याच्यापर्यंत आलेला नव्हता.

“निळी ना? बुटकी? गेली की. एका पोरीनं खिडकीतून मला सलाम ठोकला. दीडेक तास झाला.”

“वर कुणी काही सांगत आलं? घाटातून?”

“काय सांगायचं?”

मिस्त्रींनी उत्तराची वाट पाहिली नाही.

घाट मी अनेकदा उतरलो होतो. त्या दिवशी प्रथमच मला कळले की त्याचा कठडा किती ठिकाणी आधीच तुटलेला आहे. प्रत्येक फटीशी मिस्त्री जीप जवळजवळ थांबवत आणि मी बाहेर वाकून खाली पाही. झाडांचे शेंडे, धुके, एका ठिकाणी कुणाची तरी फाटकी ताडपत्री. चौथ्या की पाचव्या वळणावर कठड्याचे दोन दगड सरळ दरीकडे कलंडलेले होते. रस्त्यावर, वळणाच्या बाहेरच्या अंगाला, तेलाचा लांब ओरखडा होता.

मिस्त्री उतरले. मला उतरू दिले नाही. हाताने थांबा अशी खूण केली आणि एकटेच कडेपर्यंत गेले. आधी ते गुडघ्यांवर बसले. मग त्यांनी तेलाला बोट लावले, वास घेतला, आणि दगडाच्या तुटलेल्या तोंडावरून तळहात फिरवला.

“शेवाळ हाय दगडाला,” परत येऊन ते म्हणाले. “जुनं हाय. तेल डिझेलचं हाय.”

जीपचा गिअर टाकताना तो दोनदा करकरला. ते मी त्यांच्याकडून पूर्वी कधी ऐकले नव्हते.

घाट संपला. सपाटीवर आल्यावर पहिल्या किलोमीटरमध्ये काही नव्हते. दुसऱ्यात दाणोलीच्या अलीकडे एका ओढ्याच्या कडेला, आंब्याखाली, निळी हेराल्ड उभी होती. तिची चारही दारे उघडी होती. वहिनी डोळ्यांवर ओला रुमाल घेऊन मागच्या सीटवर पडल्या होत्या. पद्मजा गुडघाभर पाण्यात उभी होती. दादा दगडावर बसून संत्रे सोलत होता.

“तू?” तो म्हणाला. “हिला वळणं लागली. तासभर इथंच आहोत. आणि मिस्त्री? अहो, काय ब्रेक केलेत तुम्ही! अख्खा घाट एका अंगठ्यावर उतरलो!”

मिस्त्री जीपच्या दाराला धरून उभे होते. पद्मजा “चाचा!” म्हणून ओरडत पाण्यातून धावली, तेव्हा ते खाली बसले. उकिडवे नव्हे, मातीत, सपशेल.

मी दादाला काही समजावून सांगितले नाही. जॅक लावला, उजवे चाक काढले. नळी कॅलिपरपासून मीच सोडवली. तेल माझ्या मनगटावरून ओघळले. टोक पुसून खिशातला व्हर्नियर लावला. ९.९२. आट्यांमधले अंतर तपासायच्या गेजची पाती त्यांवर ठेवली. मिलिमीटरचे पाते बसले, मधून उजेड दिसेना. डावे चाक काढले. तेच. नळ्या मिलिमीटरी होत्या. जिथे हव्या तिथे, हव्या त्याच.

“बरोबर आहेत,” मी म्हणालो.

मिस्त्री उठून आले. त्यांनी नळीच्या टोकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. “कॅलिपरच दिलावता की मी पोतदाराच्या हातात,” ते हळूहळू म्हणाले. “नमुना म्हणून. ह्याला बसतीया ती दे, म्हटलं. तीन सूत तोंडानं बोललो, पर वस्तू समोर हुती.” त्यांनी कपाळ पुसले. “हे मला वाटेत का आठवलं न्हाई?”

का आठवले नाही ते मला माहीत होते.

“कुणी सांगेल का मला, काय चाललंय?” दादा म्हणाला. “चूक कुणाची झालीय?”

“माजी,” मिस्त्री म्हणाले. “चिठ्ठ्या बदलल्या माझ्या हातनं.”

दादाने माझ्याकडे पाहिले. मी व्हर्नियर पुसत होतो.

नळ्या परत बसवायच्या होत्या. मिस्त्री चाकापाशी बसले, टोक भोकाला लावले आणि बोटांनी फिरवले. ते तिरके गेले. त्यांनी काढले, पुन्हा लावले. पुन्हा तिरके. प्रत्येक वेळी अर्धा आटा गेला की ते थांबत, काढून टोकाकडे बघत, पुन्हा लावत. चौथ्यांदा त्यांनी नळी माझ्यापुढे धरली.

“सर, तुमी लावा. मला कळंना ढिली जातीया का घट्ट.”

मी लावल्या. दादाने पेडल मारले, आम्ही हवा काढली, डब्यातले तेल पुरले. दोन वाजता हेराल्ड सावंतवाडीकडे गेली.

इलाही मिस्त्रींनी त्यानंतर ब्रेकचे काम घेतले नाही. क्लच, गिअरबॉक्स, इंजिन, सगळे घेत. ब्रेकचे म्हटले की गिऱ्हाईक दोन गाळे पलीकडे पाठवत. कोणी कारण विचारले तर सांगत, आता हात ऱ्हायला न्हाई. ते आणखी अठरा वर्षे काम करत होते. मी त्या काळात त्यांच्याकडे कितीतरी वेळा गेलो.

त्या दिवशी परतीचा घाट चढताना जीप मी चालवत होतो. ते शेजारी हात मांडीवर पालथे ठेवून बसले होते.

“सर, त्या चिठ्ठ्या मी कवा बदलल्या असतील ओ? लई आठवतोय. खोकं आलं, मी तुमच्या दोन नळ्या काढल्या, कापल्या. बाकीच्या दोनला हात लावल्याचं ध्यानातच येत न्हाई.”

त्यांनी हात लावलाच नव्हता. चिठ्ठ्या मी तांब्याच्या तारेने बांधल्या होत्या, तीन पिळांची गाठ, टोक आत वळवलेले. ती गाठ त्या सकाळी टेबलावर जशीच्या तशी होती. मी ती पाहिली होती, त्यांच्या गॅरेजात पाऊल ठेवण्यापूर्वीच. खोक्यातले कॅलिपर मी मोजले होते, तीन-तीनदा. नळ्या मोजल्या नव्हत्या. दोन नळ्यांचे रबर भेगाळलेले होते, त्या मी जुन्या म्हणून इंची ठरवल्या. दोन चकचकीत होत्या, त्या मिलिमीटरी. नुसत्या नजरेने. वापरलेले रबर कापण्याची त्यांची शिस्त नसती, तर त्या चकचकीत इंची नळ्या आज गाडीला असत्या.

हे सगळे मी एका वाक्यात सांगू शकलो असतो. पुढचे वळण अजून दूर होते.

“जाऊ द्या, मिस्त्री,” मी म्हणालो. “झालं ते झालं.”

ते माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“तुमचं मन मोठं हाय, सर,” ते म्हणाले.

चढ वाढला होता. मी गिअर बदलला.